जुनी डिझेल एसयूव्ही घेताय? मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते असं ठरवा

नवी गाडी घेताना मॅन्युअल की ऑटोमॅटिक हा बहुतांशी आवडीचा प्रश्न असतो. लाखभर किलोमीटर पळालेली डिझेल एसयूव्ही घेताना त्याला दुसरीच बाजू येते. गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे याच्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व त्याला आजवर कोणी आणि कसं वागवलंय याला असतं. आणि इथे दोन्ही प्रकारांत मोठा फरक आहे. मॅन्युअल गाडी किती झिजली हे मागच्या ड्रायव्हरच्या डाव्या पायावर ठरतं. ऑटोमॅटिक किती झिजली हे तिच्या तेलावर आणि त्या तेलाने सोसलेल्या उष्णतेवर ठरतं. पायाची करणी गाडी चालवली की बरीचशी कळते. तेलाची कळायला कागद लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकातून निघतात.

पायरी १: आधी स्वतःचा वापर मांडा

गाडी बघायला जाण्याआधी गाडी कुठे चालणार हे ठरवा. रोज तासभर गर्दीत रांगत जायचं असेल तर ऑटोमॅटिकला पर्याय नाही. डिझेल एसयूव्हीचा क्लच जड असतो आणि अशा रहदारीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय लागतेच. ती क्लच प्लेट खाते.

ट्रेलर ओढायचा असेल, बोट किंवा कॅरव्हॅन मागे लावायची असेल, तरी कौल ऑटोमॅटिककडेच, पण टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या. गाडी हलायच्या क्षणी कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट करून पुढे देतो आणि ते काम तेलातून होतं, त्यामुळे घासायला काही नसतं. मॅन्युअलमध्ये तेच वजन चढावर मागे ढकलायची वेळ आली की क्लच जळल्याचा वास पाच मिनिटांत येतो. गाडीला लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे फोर बाय फोरचे खालचे गिअर) असेल तर ती टाकून हे टाळता येतं, पण ती टाकायचं लक्षात किती जणांच्या राहतं?

वस्तीपासून लांब, जिथे मोठं वर्कशॉप नाही, अशा ठिकाणी राहणाऱ्याला मॅन्युअल अजूनही शहाणपणाची. क्लच कुठलाही बरा मेकॅनिक बदलतो. ऑटोमॅटिक उघडणारा माणूस शोधावा लागतो. एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. मॅन्युअल असली की धक्का मारून सुरू करता येते, हे जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलबद्दल खरं होतं. आजच्या कॉमन रेल इंजिनाला (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजेक्टर उघडायला वीज लागते, कंट्रोल युनिट जागं लागतं, रेलमध्ये दाब लागतो. बॅटरी अर्धमेली असेल तर धक्क्याने जमेल. पूर्ण मेली असेल तर दहा माणसं लावूनही काही होणार नाही.

आणि रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल तर गिअरबॉक्सचा विचार बाजूला ठेवा. डिझेलच घेऊ नका. इंजिन नीट तापलंच नाही तर डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळत नाही आणि तो फिल्टर तुंबतो. त्यावर कुठलाच गिअरबॉक्स उपाय नाही.

पायरी २: ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमकं काय ते विचारा

जाहिरातीत नुसतं ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाखाली तीन वेगळी यंत्रं येतात आणि तिघांची दुखणी वेगळी आहेत.

पहिलं टॉर्क कन्व्हर्टरचं. मोठ्या डिझेल एसयूव्हीत बहुतेक वेळा हेच सापडतं. यातलं बहुधा सर्वांत नावाजलेलं झेडएफ कंपनीचं ८एचपी. ते २००९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोठ्या सेडानमध्ये आलं आणि नंतर बीएमडब्ल्यू, लँड रोव्हर, जीप अशा अनेकांच्या डिझेल एसयूव्हीत बसलं. आयसिन या जपानी कंपनीचे बरेच गिअरबॉक्सही याच जातीचे. दणकट प्रकार, पण तेल वेळेवर बदललं तरच.

दुसरं ड्युअल क्लच. यात दोन क्लच असतात. एक चालू गिअर धरून असतो तेव्हा दुसऱ्यावर पुढचा गिअर तयार असतो. यातही ड्राय आणि वेट असे दोन प्रकार. फोक्सवॅगनच्या ड्राय क्लचच्या डीक्यू२०० या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन मीटरची, आणि दोन लिटरचं टर्बो डिझेल सहज ३२० च्या वर जातं. म्हणून ताकदवान डिझेलला सहसा वेट क्लचच जोडलेला असतो. ते बरं आहे, कारण तेलात बुडालेला क्लच उष्णता जास्त सोसतो. पण रांगत्या रहदारीत ड्युअल क्लचही शेवटी क्लचच, तो घासतो.

तिसरं एएमटी. हा खरं म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं मोटर करते. लहान एसयूव्हीत दिसतो. हा घेताना मॅन्युअलच्या सगळ्या तपासण्या करायच्या आणि वर त्या मोटरची.

ओळखायचं कसं? स्टिअरिंगमागचे पॅडल पाहून काही कळत नाही, ते तिन्हींवर असू शकतात. मॉडेल, वर्ष आणि इंजिन घेऊन कंपनीच्या त्या काळच्या माहितीपत्रकात बघा, किंवा चासिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. विकणाऱ्याच्या ‘बहुतेक कन्व्हर्टरच आहे’वर विसंबू नका.

पायरी ३: कागद आधी, गाडी नंतर

ऑटोमॅटिक असेल तर पहिला प्रश्न एकच: गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं आणि त्याचं बिल कुठे आहे? ‘याला लाइफटाइम तेल आहे, बदलावं लागत नाही’ असं उत्तर बरेचदा मिळेल. गाड्यांच्या पुस्तकांत तसं छापलेलं असतंही. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते. वेट ड्युअल क्लचसाठी हा आकडा बहुधा ६० हजारांच्या आसपास असतो. दीड लाख पळालेली आणि तेल कधीच न बदललेली ऑटोमॅटिक चालवायला लोण्यासारखी लागली, तरी मी तिला ‘नोंद नसलेली’ याच खान्यात टाकतो.

मॅन्युअल असेल तर क्लचचं बिल मागा आणि त्यात काय काय बदललंय ते वाचा. नुसती प्लेट? प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग? की फ्लायव्हीलसुद्धा? इथे थोडं थांबू, कारण डिझेलमध्ये खर्चाची खरी गोम फ्लायव्हीलमध्ये आहे.

डिझेल इंजिनाचा प्रत्येक स्फोट जोरकस असतो, त्यामुळे क्रँकशाफ्ट एकसारखा न फिरता हिसके देत फिरतो. ते हिसके गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं: दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. या स्प्रिंगा कालांतराने ढिल्या पडतात. नवं फ्लायव्हील बहुतेकदा पूर्ण क्लच किटपेक्षा महाग असतं, म्हणून पैसे वाचवायला लोक फक्त क्लच बदलून गाडी विकायला काढतात. अनेक गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही (पेडलच्या तेलदाबाने क्लच सोडवणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत बसलेला असतो. तो गळायला लागला की पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली. ‘क्लच नवा टाकलाय’ या वाक्याची किंमत बिलावर फ्लायव्हील आणि सिलिंडर आहे की नाही यावर ठरते.

दोन्ही प्रकारांना लागू असा आणखी एक प्रश्न: इंजिन रिमॅप केलंय का, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याच्या कंट्रोल युनिटचं प्रोग्रॅमिंग बदललंय का? मूळ टॉर्कमध्ये पाचवा हिस्सा वाढला तरी तो सोसायचा क्लचने, फ्लायव्हीलने किंवा कन्व्हर्टरने. मागे टो हुक असेल, टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील, तर तेही मनात टिपून ठेवा. हुक असणं वाईट नाही. हुक आहे आणि ‘कधी काही ओढलंच नाही’ असं कोणी सांगितलं, तर मात्र बाकीची उत्तरंही सावधपणे ऐका.

पायरी ४: इंजिन थंड असताना पोहोचा

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर कारण विचारा. गिअरबॉक्सची अर्धी दुखणी थंडपणी दिसतात, उरलेली पूर्ण तापल्यावर. मधल्या कोमट अवस्थेत जवळजवळ प्रत्येक गाडी शहाण्यासारखी वागते.

पायरी ५: मॅन्युअलची परीक्षा

इंजिन सुरू करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, काच खाली करा आणि ऐका. क्लच सोडलेला असताना खडखड येते आणि पेडल दाबल्यावर ती थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर किंवा फ्लायव्हीलवर. उलट, पेडल दाबल्यावरच घरघर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. आता इंजिन बंद करा. बंद होताना खालून ‘खडाड्’ असा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज आला तर फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा थकल्या आहेत.

पेडल कुठे पकडतं ते पाहा. अगदी वर येऊन पकडत असेल तर प्लेट संपत आलीय. दाबायला फार जड लागत असेल तर प्रेशर प्लेट. पेडल खालीच राहत असेल किंवा लिबलिबीत लागत असेल तर हायड्रॉलिक गळती.

खरी परीक्षा रस्त्यावर. मोकळा चढ शोधा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास आणा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. डिझेलचा सगळा टॉर्क इथेच असतो. वेग आणि आरपीएम सोबत वाढले तर क्लच ठीक. आरपीएम आधी उडी मारते आणि गाडी मागून सावकाश येते, म्हणजे क्लच घसरतोय. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे दिसत नाही, आणि विकणारा तुम्हाला गल्लीत एक फेरी मारून आणतो ती त्याच दोन गिअरमध्ये.

मग गिअर. थंड असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाका. कर्रकन आवाज आला तर सिंक्रोनायझर (गिअर लागण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारा) झिजलाय. प्रत्येक गिअरमध्ये एकदा जोर लावून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला आला तर काम क्लचचं नाही, गिअरबॉक्स उघडायचं आहे. त्या गाडीला रामराम करा.

पायरी ६: ऑटोमॅटिकची परीक्षा

ब्रेक दाबून पी (पार्क) वरून आर (रिव्हर्स) मध्ये टाका, मग एन (न्यूट्रल), मग डी (ड्राइव्ह). प्रत्येक वेळी गिअर लागल्याची हलकी जाणीव साधारण सेकंदाभरात यायला हवी. दोन सेकंदांहून जास्त वाट पाहावी लागली, किंवा लागताना धाडकन धक्का बसला, तर नोंद करा. मग सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका ठेवून गाडीला सगळे गिअर चढू द्या. बदलताना आरपीएम क्षणभर मोकाट वर जाऊन परत खाली येते का? म्हणजे आतले क्लच पकडताना घसरताहेत.

सर्वांत जास्त काही सांगून जातो तो ६० ते ८० किलोमीटरचा वेग. या वेगात, हलक्या पायाने, कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच, लागतो. तो थकला असेल तर गाडी बारीक खडबडीत पट्ट्यांवरून चालल्यासारखी दोन-तीन सेकंद थरथरते. आता हाच थरकाप खराब इंजेक्टरमुळेही येऊ शकतो. म्हणून मागे-पुढे कोणी नसताना, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. बऱ्याच गाड्यांत त्याने लॉकअप सुटतो. थरथर लगेच थांबली तर दोष कन्व्हर्टरकडे. चालूच राहिली तर इंजिनाकडे बघा. ड्युअल क्लच किंवा एएमटी असेल तर ही युक्ती निरुपयोगी. तिथे चढावर रांगत्या वेगाने पुढे आणि रिव्हर्समध्ये नेऊन थरथर शोधायची.

एकदा किकडाउन करा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळाला. दोन-तीन गिअर उतरून गाडीने जोर धरला पाहिजे, आधी घुटमळता कामा नये. ब्रेक दाबून धरून पूर्ण रेस करायची ‘स्टॉल टेस्ट’ काही जण सुचवतात. दुसऱ्याच्या गाडीवर ती करू नका. काही सेकंदांत तेल भयंकर तापतं.

आणि कमीत कमी अर्धा-पाऊण तास चालवल्याशिवाय परत येऊ नका. तेल पूर्ण तापून पातळ झालं की आतल्या झिजलेल्या सीलमधून दाब गळतो आणि सकाळी झटकन लागलेला रिव्हर्स आता विचार करून लागतो. परत आल्यावर पी-आर-एन-डीची तीच कवायत पुन्हा करा. घाईघाईत सोडून दिली जाणारी हीच परीक्षा सर्वांत बोलकी असते.

पायरी ७: खालून आणि स्कॅनरवरून

गाडी लिफ्टवर घ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे ओल असेल तर ती इंजिनाच्या मागच्या सीलची, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची किंवा क्लच सिलिंडरची. ऑटोमॅटिकला डिपस्टिक असेल तर तेल पाहा: नवं तेल बहुधा लाल, जुनं तपकिरी. काळं आणि जळका वास असलेलं, तर पुढे बोलणं नको. गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलंय. ती गाडी फुकट मिळाली तरी महाग. आजकाल बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते, तेलाची पातळी ठरावीक तापमानाला खालच्या प्लगमधून बघावी लागते. ते मेकॅनिककडून करून घ्या.

स्कॅनर लावताना फक्त इंजिनाचे कोड वाचून थांबू नका, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये शिरा. कोड काहीच नाहीत पण इंजिनाच्या स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ दिसताहेत, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. अशी गाडी दोन दिवसांनी परत बघा.

फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) तपासा. लो रेंज लागते का, दिवा लागून स्थिर होतो का हे कच्च्या रस्त्यावर बघायचं. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसलेली गाडी कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळवली की सगळी यंत्रणा पिळवटते. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत ना, एवढंही पाहून घ्या.

पायरी ८: हिशोब आणि निर्णय

सौदा करण्याआधी दोन फोन करा. एक, त्या मॉडेलचं क्लच किट, फ्लायव्हील आणि मजुरी मिळून किती. दोन, त्याच मॉडेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून बांधायचे किती आणि ते काम करणारा जवळ कोण. पहिला आकडा बऱ्यापैकी ठाम मिळतो. दुसरा ‘उघडल्यावर सांगू’ असा येतो. जुन्या ऑटोमॅटिकची जोखीम हीच: बिघाडाची वरची मर्यादा आधी कळत नाही.

म्हणून माझा क्रम असा आहे. सगळ्यात वर, तेल बदलल्याची बिलं असलेली कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक. जड डिझेल एसयूव्हीच्या स्वभावाला तीच शोभते. आठ गिअरच्या पेट्या इंधनातही मॅन्युअलच्या मागे राहत नाहीत. ‘ऑटोमॅटिक जास्त पिते’ हे जुन्या चार गिअरच्या काळातलं. तिच्या खाली, क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही ठीक असलेली मॅन्युअल. तिसरी, क्लच संपलेली पण तो खर्च किमतीतून वजा करून मिळणारी मॅन्युअल. ही अनेकांना खटकते. पण तिथे दुखणं माहीत आहे, औषध माहीत आहे आणि त्याची किंमतही. चौथ्या नंबरवर नोंदी असलेली वेट ड्युअल क्लच, तीही वापर मुख्यतः हमरस्त्याचा असेल तर. नोंद नसलेली ऑटोमॅटिक, कुठल्याही जातीची, या यादीत येत नाही. ती कितीही स्वस्त असो, वाचलेले पैसे तुमचे होत नाहीत, पुढच्या बिलासाठी बाजूला ठेवलेले असतात.

गाडी घरी आल्यावर

ऑटोमॅटिक असेल तर पहिल्या महिन्यात तेल आणि फिल्टर बदला, कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचं तेल घालून. झेडएफच्या बऱ्याच पेट्यांत फिल्टर प्लास्टिकच्या संपमध्येच (खालच्या तेलाच्या भांड्यात) घडवलेला असतो, त्यामुळे संपही सोबत येतो. बिल बघून दचकू नका. खालचा प्लग उघडून साधारण निम्मंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. मशीन लावून दाबाने फ्लश करण्यापेक्षा काही हजार किलोमीटरनी पुन्हा एकदा तसंच बदलणं मला जास्त पटतं. तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स गेला, असं लोक सांगतात तेव्हा तो बहुधा आधीपासूनच घसरत असतो आणि तेल बदलणं हा शेवटचा उपाय म्हणून केलेला असतो.

मॅन्युअलवाल्यांनी गिअर ऑइल बदलावं आणि उजवा पायही सांभाळावा. वरच्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढून नेणं ही इंधन वाचवायची युक्ती नव्हे. फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा त्यानेच मरतात आणि डीपीएफमध्ये काजळी जाते ती वेगळी. एक गिअर खाली टाका.

उतारावर ऑटोमॅटिक उभी करताना क्रम लक्षात ठेवा: पायाचा ब्रेक दाबून एन, मग हँडब्रेक, मग पाय हलकेच सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून पी. थेट पी टाकून पाय काढला तर दोन-अडीच टनांचा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खटक्यावर लटकतो.